हारतुरे शिक्षकाला, मणी-काड्या कोणाला?

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सोलापूरचे नाव जगभर गेले, आम्हालाही अभिमान वाटला. पण वाडीवस्तीवरच्या शाळेला मणी-काड्या घ्यायला किती पैसे मिळतात, हा सवाल त्या हारतुऱ्यांत हरवला.

दहा काड्यांचा गठ्ठा हाताने बांधला की ‘हातचा’ कळतो. नाहीतर तो पाठ करावा लागतो, आणि घरी शिकवणारे कोणी नसलेले पोर तिथेच मागे पडते. ही पोरे ऊसतोड मजुरांची, विडी कामगारांची, म्हणजे आमचीच.

सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये वेगळे मिळत. समग्र शिक्षेत सारे एकाच संयुक्त अनुदानात कोंबले गेले. २०२१ च्या निकषांनुसार तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये. त्यातच स्वच्छता, वीजबिल, डागडुजी, खडू आणि शैक्षणिक साहित्यही! वीजबिल थांबत नाही, काड्या थांबतात. निपुण भारतमध्ये मुलामागे ५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ‘पर्यंत’ या शब्दातच मेख आहे. उरलेले लोकसहभागातून भागवा म्हणे. जिथे चूल धड पेटत नाही तिथे सहभाग कोणाचा?

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात हाच हिशेब मांडला होता: शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे, अबकारीची दरडोई वसुली दोन रुपयांहून अधिक.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आमच्या भगिनींनी पुढच्याच बैठकीत अनुदानाची रक्कम, ती आल्याची तारीख आणि साहित्यावर गेलेला पैसा इतिवृत्तात लिहून घ्यावा.