खाडीला नाला म्हणू नका



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात मुलांचा अभ्यास घेत होतो. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, शेजारचा मुलगा 'बंगाल की खाडी' म्हणतो. आमच्या पुस्तकात बंगालचा उपसागर आहे. खरे काय?"

दोन्ही खरे. बोईसरच्या कारखान्यांत उत्तरेकडचे पुष्कळ कामगार आहेत. त्यांच्या हिंदीत खाडी हा शब्द फार मोठा. बंगालची ती खाडी आणि दुबई-कुवेत तेही 'खाडी देश'. मराठीत मात्र प्रत्येकाला वेगळे नाव आहे. समुद्र जमिनीत रुंद तोंडाने शिरला की उपसागर. अरुंद होत लांब आत गेला की आखात, जसे खंभातचे. आणि नदीच्या मुखातून भरतीचे खारे पाणी जिथवर आत येते ती खाडी. वैतरणेच्या मुखाशी दातिवऱ्याची खाडी आहे, सातपाटी आणि मुरबे यांच्यामध्येही खाडीच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या दुसऱ्या परिषदेला बोटीने निघाले, ते सावित्रीच्या खाडीतूनच दासगाव बंदराला उतरले. खाडीकाठी भरतीचे पाणी पसरून तिवरे वाढतात ते खाजण. नाला मात्र निराळा. त्याचे पाणी वरून खाली वाहते, भरतीला उलटे चढत नाही.

मुलीला हे सांगताना मला माझीच चूक आठवली. आमच्या वस्तीमागे खाडीचा एक फाटा आहे. पूर्वी आयाबाया त्यात निवट्या आणि खेकडे धरायच्या. पुढे पाणी काळे झाले, कचरा साचला, आणि सगळेच त्याला नाला म्हणू लागले. काही वर्षांपूर्वी कोणी रात्री त्यात भराव टाकू लागले, तेव्हा वस्तीतर्फे अर्ज मीच लिहिला. पहिल्याच ओळीत लिहिले, "नाल्यात भराव टाकला जात आहे." उत्तर आले की, सदर जागा अर्जदारांच्याच म्हणण्याप्रमाणे नाला असल्याने खाडीचे नियम लागू होत नाहीत. आयुष्यभर कारकुनी केली आणि एका शब्दाने वस्तीचे नुकसान केले.

केंद्र सरकारने १९९१ साली किनाऱ्याच्या रक्षणाचा नियम काढला. समुद्र, उपसागर, खाड्या, नद्या, जिथे जिथे भरती-ओहोटी पोचते तिथला काठ त्यात येतो. २०११ आणि २०१९ साली नियम बदलले, खाडीकाठची अंतरे कमी झाली, पण भरतीची कसोटी कायम आहे. म्हणून खाडीला नाला म्हटले की सोय होते ती भराव टाकणाऱ्याची. पाणी घरात शिरते ते आपल्या.

शब्दाची ही लढाई आपल्याला नवी नाही. चवदार तळे सार्वजनिक की खासगी, एवढ्यासाठी बाबासाहेब दहा वर्षे कोर्टात लढले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळे तेच होते, त्याला काय म्हणायचे यावर माणसांचा हक्क ठरत होता.

तेव्हा अर्ज करताना घाई करू नका. आधी वस्तीतल्या जुन्या माणसांना आणि मच्छीमार बांधवांना त्या पाण्याचे नाव विचारा. पौर्णिमेला आपण विहारात जमतो, त्याच दिवसांत समुद्राला उधाण असते. दुपारच्या भरतीला एक फोटो काढा आणि ओहोटीला त्याच जागेवरून दुसरा. दोन्हींवर तारीख आणि वेळ लिहा, अर्जाला जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.

आम्ही नवा अर्ज केला आहे. या वेळी पहिली ओळ त्या मुलीने लिहिली, "आमच्या वस्तीमागे खाडी आहे." सह्या एकशे बारा झाल्या. उत्तर आले की याच जागी कळवीन.

जयभीम.