काय हवं, ते तिलाच विचारा की!

समजा, तुमच्या वर्गात एक मैत्रीण आहे. अभ्यासात हुशार, पण पायांत बळ नाही. डिंभ्याकडच्या गावातून मंचरला कॉलेजला यायचं तर एसटीत चढवायला, वर्गापर्यंत सोडायला घरचं कुणीतरी सोबत लागतं. बापाला शेतातून सवड नाही मिळाली की हिचा खाडा. अशात एक दिवस कार्यक्रम होतो. स्टेज, हार, फोटो. तिला तीनचाकी सायकल मिळते. गावच्या चढ-उतारावर ती चालवायची कशी, हे कुणी विचारत नाही. सायकल पडवीत पडून राहते आणि पोरीचे खाडे चालूच!

तिला आधी विचारलं असतं तर? ती कदाचित म्हणाली असती, "सायकल नको, महिन्याच्या रिक्षाचे पैसे द्या."

ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीने नेमकी हीच मागणी लावून धरली. तिथे 1996 मध्ये कायदा झाला आणि सेवेऐवजी थेट पैसे घेण्याची वाट खुली झाली. पुढे इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर अ‍ॅक्टने प्रत्येकाचं स्वतंत्र बजेट कायद्यात आणलं. आधी त्या माणसाची गरज बघायची, तिचा खर्च मांडायचा आणि त्याची इच्छा असेल तर ती रक्कम त्याच्या हाती द्यायची. मदतनीस कोण, किती वाजता यायचा, हे तो ठरवणार. खर्चाचा हिशेब अर्थातच द्यायचा.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला 2500 रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या गरजू ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच 3000 रुपये येतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी की कमरेचा पट्टा, ते आजी-आजोबांनी ठरवायचं. छोटी रक्कम, पण निवड त्यांची. शिवाय ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. घोडं अडतं ते इथे. अनेकदा हा निधी सगळ्यांना सारखा वाटून टाकतात. अंथरुणाला खिळलेल्यालाही तेवढेच आणि एक बोट गमावलेल्यालाही तेवढेच. याला समानता म्हणायचं का?

'हातात पैसे दिले तर उडवतील' असं काही जण म्हणतात. हिशेब मागा ना, कोण नको म्हणतंय? पण पडवीत गंजणाऱ्या सायकलचा हिशेब कोण देणार? दुसरी शंका मात्र खरी आहे. गावात रिक्षाच नसेल, सांकेतिक भाषा जाणणारा माणूसच तालुक्यात सापडत नसेल, तर नुसत्या पैशांनी काय होणार? म्हणून 'पैसे दिले, आता तुमचं तुम्ही बघा' असं म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. रॅम्प, बस, प्रशिक्षित मदतनीस हे सगळं उभं करावंच लागेल. ब्रिटनमध्येही पालिकांच्या निधीला कात्री लागली, तशी अनेकांची मदत आटली. निवडीचा हक्क कागदावर राहिला, पण निवडायला हातात काही उरलं नाही.

मग आपण काय करायचं? मित्रांनो, अठरा पूर्ण झाली आणि मतदार यादीत नाव आलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. पुढच्या सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. 5 टक्के म्हणजे यंदा किती रुपये? ते कशावर खर्च झाले? आणि खर्च ठरवण्याआधी गावातल्या दिव्यांगांना विचारलं का? मंचरमध्ये राहत असाल तर हेच प्रश्न नगरपंचायतीत लेखी द्या. जाताना त्या मैत्रिणीलाही सोबत घ्या. तिच्या वतीने बोलू नका, तिला बोलू द्या. तिला काय हवं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.