पावती माग!



माझा बाप चंद्रपूरचा बुरुड. सूप-टोपले विणून त्यानं आम्हाला वाढवलं. चार बांबू घेऊन येताना नाक्यावर अडला की खिशातली नोट गार्डाच्या खिशात. कधी बांबूही जायचे. पावती मी कधी पाहिली नाही. बाप म्हणायचा, "सरकारी मानूस हाये बाबू, त्याच्यासंगं कोन भांडन?"

तोच सवाल आज तुमच्यापुढे टाकतो.

गार्ड लाचखाऊ, हे सगळेच बोलतात. पण त्याला ताट कुणी वाढलं? 1927 च्या वन कायद्यानं! कलम 69 सांगतं, माल सरकारचाच धरायचा. तुझा असेल तर तू सिद्ध कर. कलम 64, वॉरंटाशिवाय अटक. कलम 74, 'सद्भावनेनं' केलेल्या कामाबद्दल साहेबावर दावा नाही. पकडणारं खातं तेच, लिहिणारं तेच, मिटवणारंही तेच. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या फॉरेस्ट खात्याला झोडपलं होतं. गोरा साहेब गेला, खातं राहिलं.

पण त्याच कायद्यातली दोन कलमं नाक्यावर कुणी वाचून दाखवत नाही. कलम 68 : पैसे घेऊन गुन्हा मिटवायचा अधिकार रेंजरच्या खालच्या माणसाला देताच येत नाही. मग गार्डानं बिनपावतीची घेतलेली नोट दंड कसली? लाचच ती! कलम 62 : विनाकारण छळायला माल जप्त केला तर कैद किंवा दंड त्या वन अधिकाऱ्यालाच.

सगळं अडलंय ते कागद कुणाच्या हातात यावर. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. गोंडांचं गाव. 2009 साली वनहक्क कायद्यानं सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना खात्याचाच, आणि खातं देईना. म्हणे, बांबू झाड आहे! या जिल्ह्यांतला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात वर्षानुवर्षं गेला, तेव्हा नाही कुणी अडवला. गाव हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

बदली-निलंबनानं गार्डाचं नाव बदलतं, नाका तोच राहतो. मेंढ्यानं नाक्याच्या हातातला कागदच काढून घेतला. ग्रामसभेतही चोर शिरू शकतो. म्हणून हिशेब चावडीत, बायाबापड्यांसकट सगळ्यांपुढे.

पण वस्तीत राहणाऱ्या आमच्या बुरुडाला कुठली ग्रामसभा? म्हणून सांगतो, शहरात बसून जंगलाच्या कविता पुरे झाल्या. ही कलमं पाठ करा आणि नाक्यावर बुरुडासोबत, गोंडासोबत उभे राहा. तीन गोष्टी मागा : पंचनामा, पावती, गुन्ह्याचा नंबर. मिळेपर्यंत हलू नका.

कोन भांडन? आपण भांडू, बापा.

जय भीम!