दुकान तेच, कर वेगळा

भिंतीला भिंत लागून दोन दुकाने. क्षेत्रफळ एक, रस्ता एक, तरी एकाचा कर दुसऱ्याच्या साडेचारपट! पोर्ट लुईच्या दुकानदाराला हे खरे वाटणार नाही. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असे घडते, आणि तेही कायद्याने. आपली मुले परदेशी जाऊन धंदा मांडू लागली आहेत. तेव्हा हा हिशेब समजून घेतलेला बरा.

अमेरिकेत व्यापारी इमारतीचे मूल्य साधारणपणे तीन मार्गांनी काढतात : तशा इमारती कितीला विकल्या गेल्या, ती आज बांधण्यास काय खर्च येईल, आणि तिचे भाडे किती येते. खर्च वजा जाता वर्षाला 60 हजार डॉलर भाडे उरत असेल व त्या भागात 8 टक्के परतावा रास्त मानला जात असेल, तर मूल्य साडेसात लाख. त्यावर कर बसतो.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र 6 जून 1978 रोजी ‘प्रपोझिशन 13’ मंजूर केले. मूळ दर 1 टक्का. मूल्य खरेदीच्या वेळचे. त्यात वर्षाला फार तर 2 टक्के वाढ. मालक बदलला की मूल्य नव्याने ठरते. समजा, 1978 साली 1 लाखाला दुकान घेतले. 2018 साली त्याचे करमूल्य सुमारे 2 लाख 21 हजार, म्हणजे कर 2,210 डॉलर. शेजारचे दुकान 2018 सालीच 10 लाखांना घेणाऱ्याला मात्र 10 हजार!

वृद्धांची घरे करापायी जाऊ नयेत, ही चिंता रास्तच होती. परंतु त्याच छत्राखाली बड्या कंपन्याही शिरल्या. 30 लाख डॉलरहून अधिक व्यापारी मालमत्ता असणाऱ्यांवर बाजारभावाने कर बसवून ते पैसे शाळांना व स्थानिक संस्थांना द्यावेत, हा प्रस्ताव 2020 साली थोडक्या मतांनी पडला.

यात खरा भरडला जातो तो लहान भाडेकरू. अनेक करारांत इमारतीचा कर त्याच्याच माथी असतो. इमारत विकली जाते, नफा मालक घेतो आणि वाढलेला कर दुकानदार भरतो.

राहते घर आणि कंपनीची इमारत एकाच मापाने मोजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर परदेशी दुकान घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी विचारावे : कर कोण भरणार, आणि इमारत विकली गेल्यास वाढीव कर कोणाच्या माथी?