अशा नराधमाला वकील कशाला हवा?

मंडळी, एखादी भयंकर घटना घडली की दोन-तीन दिवसांत हे वाक्य कानावर येतेच. लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मग बातमी येते, की अमुक गावच्या वकिलांनी आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र त्या टाळ्यांची भीती वाटते. का, ते आज लिहिते.

आपण सोलापूरकरांनी तर हे वाक्य बोलताना दहा वेळा विचार करावा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गाव पेटले, गोळीबार झाला, पाठोपाठ मार्शल लॉ आला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला त्यांना फाशी दिली गेली. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. त्या वेळच्या सरकारी कागदात ते खुनी होते. आजच्या कुठल्याही आरोपीची मी त्यांच्याशी तुलना करत नाही, गैरसमज नको. पण सरकारने खुनी म्हटले म्हणून कोणी खुनी ठरत नाही, हे निदान या गावाला तरी वेगळे शिकवावे लागू नये.

‘ते इंग्रजांचे राज्य होते हो!’ असे कोणी म्हणेल. ठीक. मग स्वराज्यातले उदाहरण घ्या. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसे मारली गेली, बलात्कार झाले. वाचूनच अंगावर काटा येतो. भटक्या जमातीच्या सहा मजुरांना पकडले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले, वर प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. का? तर वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांची चौकशीच झाली नाही!

पेन हरवले की वर्गातली सगळी बोटे एकाच फाटक्या सदऱ्याकडे वळतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. १८७१ च्या कायद्याने तर अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्या लोकांना डांबण्यासाठी उभी केलेली ‘सेटलमेंट’ आपल्याच सोलापुरात होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, बोटे मात्र अजून तिकडेच वळतात.

‘आणि ज्यांची माणसे गेली त्यांचे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो रास्तच आहे. पण नाशिकच्या त्या कुटुंबाला काय मिळाले, ते पाहा. सोळा वर्षे आपण चुकीची माणसे कोंडून ठेवली, आणि तेवढी वर्षे खरे मारेकरी मोकळे राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्या म्हणीत चोर सुटतो, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. बचावाचा वकील पहिल्याच दिवसापासून खमका असेल, तर तपासातली अशी भोके वेळेवर उघडी पडतात. त्यात पीडितांचेही हितच आहे.

आता कसाबचे घ्या. त्याला वकील देऊ नये म्हणून मुंबईत केवढा गदारोळ झाला! तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला. म्हणून काय तो सुटला? २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यातच त्याला फाशी झाली, आणि जगात कोणाला आपल्या न्यायालयाकडे बोट दाखवता आले नाही. त्याच खटल्यात फहीम अन्सारी हा भारतीय आरोपी होता. त्याने दिलेला नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असा आरोप. कपडे रक्ताने माखलेले आणि खिशातल्या नकाशावर रक्ताचा डागसुद्धा नाही, हे कसे? त्याचे वकील शाहिद आझमी यांचा ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्याच कचेरीत गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत फहीम निर्दोष ठरला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. वकील नसता, तर त्या नकाशाविषयी विचारणार कोण होते?

कायदा याबाबत अगदी स्वच्छ आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला सरकारने मोफत वकील द्यावा, हे ३९-अ कलम सांगते. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वकीलपत्र न घेण्याचे ठरावच बेकायदा ठरवले. तरी २०१३ च्या सुरुवातीला दिल्लीत साकेतच्या वकिलांनी तेच केले. एखाद्या डॉक्टरने ‘हा माणूस वाईट आहे, मी तपासणार नाही’ म्हटले तर आपण त्याला काय म्हणू? मग वकिलाने म्हटले की टाळ्या का?

आणि आपला भाचा किंवा पुतण्या एखाद्या मारामारीच्या गुन्ह्यात अडकला, तर पहिला फोन कोणाला लावाल? वकिलालाच ना? तेव्हा ‘आमचा मुलगा तसा नाही हो’ म्हणायला सगळे तयार. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

असो. माझे म्हणणे एवढेच, की पुढच्या वेळी असा ठराव कानावर आला तर टाळी वाजवू नका. ओळखीतला एखादा वकील त्यात असेल, तर त्याला स्पष्ट सांगा की हे चुकले. राग येऊ दे, यायलाच हवा. पण आरोपीला ‘मी हे केले नाही’ म्हणायला जागा ठेवा, आणि ते नीट मांडणारा वकील त्याच्या शेजारी उभा राहू द्या. तुमचे मत वेगळे असेल तर अवश्य कळवा. मी पूर्ण ऐकून घेईन.