घर आणि यंत्र : कमानी कारखान्याच्या कीं फिरकीच्या?

धाराशिव जिल्ह्यांतील एका मोठ्या कुटुंबांतून आम्हांस एक पत्र आलें आहे. घरांतील धाकटे चिरंजीव पुण्यास नोकरीस असून येत्या दसऱ्यास ते स्पोर्ट्स मोटारीच्या वळणाची एक लहान, चपळ गाडी घेणार आहेत. इथपर्यंत घरांत एकमत आहे. वाद आहे तो गाडीच्या कमानींवरून. कारखान्यानेंच जरा कडक कमानी बसवून विकलेली गाडी घ्यावी, असें वडिलांचें म्हणणें. चिरंजीव म्हणतात, साधी गाडी घ्यावी आणि वांचलेल्या पैशांत बाहेरचा, कमीजास्त करतां येणारा संच बसवावा, म्हणजे पुढेंमागें हवें तसें फिरवून घेतां येईल. पत्राच्या शेवटीं थोरल्या काकूंनीं स्वतःच्या हातानें एक ओळ लिहिली आहे : आजींची कंबर दुखते, व दर पौर्णिमेस त्यांना याच गाडींतून तुळजापुरास न्यावयाचें आहे. साऱ्या पत्रांत आम्हांस महत्त्वाची वाटली ती हीच ओळ.

या विषयावर बाजारांत जें बोललें जातें, त्यांत दोन निराळ्या वस्तूंची नेहमीं गल्लत होते. कमान, म्हणजे स्प्रिंग, ही गाडीचें वजन पेलते व खड्ड्याचा हिसका स्वतः दबून पोटांत घेते. परंतु दबलेली कमान पुन्हां उसळतेच. ती एकटीच असेल तर गाडी पाळण्यासारखी कितीतरी वेळ झुलत राहील. तो झोका मोडण्याचें काम शॉकअब्सॉर्बरचें. आपले मिस्त्री ज्याला शॉकअप म्हणतात तो हाच. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या त्या तेलांतून बारीक छिद्रांवाटे ओढला-ढकलला जातो, आणि झोक्याची शक्ति तेल तापण्यांत खर्च होते. इंग्लंडांत ओबेडाया इलियट यानें घोडागाडीसाठीं लंबगोल कमानी पुढें आणल्या त्या 1804 च्या सुमारास. तेव्हां शॉकअप नव्हता, पोलादी पात्यांचें एकमेकांवर घासणें हेंच तें काम करी. आणि आपल्याकडे बिनकमानीच्या दमणींतून बाळंतिणीला आणतांना खालीं गवत अंथरून वर गोधड्या घालीत, तो घरगुती शॉकअपच म्हणावयाचा.

कमान किती कडक आहे हें ओळखण्याची एक चांगली खूण आहे. गाडी तिच्यावर सेकंदास किती झोके घेते तें पाहावें. घरगुती गाडी साधारण 1 ते दीड झोका घेते. माणसाच्या चालण्याचा ताल याच्याच आसपासचा असल्यामुळें हा झोका शरीरास परका वाटत नाहीं. स्पोर्ट्स मोटारींत हा आंकडा दीडापासून दोनापर्यंत जातो. शर्यतीच्या गाडींत त्याच्याही वर. बसलेल्या माणसाच्या पोटास व कण्यास सर्वांत जाचक कंप सेकंदास 4 ते 8 चा असतो, आणि गाडी जसजशी कडक करावी तसतसा रस्त्याचा हा बारीक कंप अधिकाधिक आंत येतो. आतां एक हिशेब चिरंजीवांनीं करून पाहावा. झोके 1.2 वरून 1.7 वर न्यावयाचे तर कमान किती कडक हवी? दीडपट, असें सहज वाटतें. पण उत्तर दुप्पट असें आहे, कारण झोक्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत कडकपणा वाढवावा लागतो. ‘थोड्याशा कडक’ कमानी ही किती मोठी उडी असते, तें यावरून ध्यानांत येईल.

हा झाला यंत्राचा भाग. परंतु कमानीचा निर्णय यंत्रापेक्षां रस्त्यानें करावा असें आमचें मत आहे, आणि धाराशिवचा रस्ता हा कांहीं एकजातीचा रस्ता नव्हे. सोलापुराहून तुळजापूर, धाराशिव, येडशी असा वर जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 (जुना क्रमांक 211) आतां चौपदरी झाला आहे. तुळजापुराखालचा घाट चढतांना आपण सोलापूरच्या सपाटीवरून बालाघाटाच्या माथ्यावर येतों. तेथील वळणांत कडक कमानीची गाडी खरोखरच आनंद देते, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण महामार्ग सोडून गांवाकडे वळलें कीं खालीं काळी माती येते. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटा घेऊं लागतो. खड्डा डोळ्यांना दिसतो. लाट दिसत नाहीं. ताशीं 80 किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास सुमारें 22 मीटर जाते. म्हणजे रस्त्यावर दर 18 मीटरांस एक लाट असेल, तर 1.2 झोक्यांच्या कमानीला ती नेमकी तिच्याच तालावर ढकलीत राहील. कमान कडक केली तर हा त्रास नाहींसा होत नाहीं. तो फक्त 13 मीटरांच्या लाटेवर जातो. अशा रस्त्यावर गाडी सांवरतो तो धड असलेला शॉकअप. तेल गळून सैल पडलेला शॉकअप तसाच ठेवून ‘गाडी फार झुलते’ म्हणून कमानी बदलणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांचें दुखणें एक आणि औषध दुसरेंच.

गतिरोधकांचीही तीच कथा. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणें साधा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच व 3.7 मीटर रुंद, हलक्या चढउताराचा असावा. त्यावरून लहान गाडी सहसा घासत नाहीं. पण वेशीवरचा गतिरोधक गांवकरी एका रात्रींत उठवितात, तेव्हां तो आंखूड आणि उभा होतो, व दोन चाकांच्या मधोमध गाडीच्या पोटाशीं येतो. समजा, गाडी जमिनीपासून 17 सेंटिमीटर उंच आहे. बाहेरच्या संचानें ती 4 सेंटिमीटर खालीं आणली. मागच्या बाजूस आजी, काकू, एक मूल आणि ओटीचें सामान बसलें कीं ती आणखी दबली. आतां त्या 10 सेंटिमीटरांच्या उंचवट्यावरून जातांना काय होईल तें सांगावयास नको. शिवाय नवरात्रांत आणि कोजागिरीस याच रस्त्यानें अनवाणी चालणाऱ्या भाविकांच्या रांगा असतात. अशा वेळीं गाडी वळणांत किती चिकटते यापेक्षां खडबडीत रस्त्यावर एकाएकीं ब्रेक दाबला असतां तिचीं चाकें जमिनीस टेकून राहतात कीं नाहीं, हें अधिक पाहावें लागतें. अति कडक कमानीवर चाक उड्या मारतें, आणि हवेंत असलेलें चाक गाडी थांबवूं शकत नाहीं.

कारखाना हें सारें कसें जुळवितो? 2018 साली टाटा मोटर्सनें कोइमतूरच्या जयेम कंपनीच्या सहकार्यानें टियागोची एक वेगवान आवृत्ति काढली होती. आज ती नवीन मिळत नाहीं. तिच्या कमानी कडक केल्या, पण गाडी खालीं आणली ती अवघी 4 मिलिमीटर! बाजारांतले संच 30-40 मिलिमीटरांची जाहिरात करतात, त्याशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा. ज्यांच्यापाशीं चांचणीचे रस्ते व यंत्रें होतीं त्यांनीं चारावर कां थांबावें, हा प्रश्न चिरंजीवांनीं स्वतःस विचारण्याजोगा आहे. ह्युंदाईनें 2021 साली आय-20 ची एन-लाईन आणली, तींतही शॉकअप साध्या गाडीहून कडक आहेत. कारखान्याच्या जुळणींत केवळ कमानी नसतात. कमान पूर्ण दबल्यावर ज्या रबरी ठोकळ्यावर गाडी टेकते तो ठोकळा, टायर, सुकाणूचें वजन आणि घसरती गाडी सांवरणारी विद्युत्-योजना हीं सर्व एकमेकांच्या हिशेबानें बसविलेलीं असतात. मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमधून 1930 च्या सुमारास अमेरिकेंत जनरल मोटर्सकडे गेलेला इंजिनियर. गाडींत जागोजागीं वजनें ठेवून, पुन्हां पुन्हां चालवून त्यानें दाखवून दिलें कीं मागच्या कमानींचा झोका पुढच्यांपेक्षां किंचित् जलद असावा. तसें असलें म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर पुढची व मागची बाजू लवकर एका तालावर येतात व गाडी खालीं-वर डुलत नाहीं. घरीं बसून चार फिरक्या फिरविणारा मनुष्य हाच ताल नकळत मोडतो.

तरीही फिरकीच्या संचास आम्ही वाईट म्हणणार नाहीं. तो समजून घेण्याची वस्तु आहे. स्वस्त संचांत कमानीची खालची बैठक आट्यांवरून खालीं-वर होते. ती खालीं आणली कीं गाडी खालीं येते खरी, पण दट्ट्याला वर जाण्यास उरलेली चाल तितकीच घटते. महाग संचांत उंचीचे आटे निराळे व कमानीचे निराळे असतात, त्यामुळें चाल शाबूत राहते. दुसरी गोष्ट शॉकअपच्या खिटीची. ती 20-30 टिचक्या फिरते, आणि प्रत्येक टिचकीस कांहीं तरी बदलतें, एवढें विकणारा सांगतो. काय बदलतें हें क्वचितच सांगतो. शॉकअपच्या भाषेंत ‘सावकाश’ व ‘जलद’ हे शब्द गाडीच्या वेगाचे नसून दट्ट्याच्या वेगाचे आहेत. वळणांत गाडी कलते तेव्हां दट्ट्या सावकाश सरकतो. ताशीं 20 च्या वेगानेंही खड्ड्यांत चाक आपटलें कीं तो जलद धांवतो. उत्तम संचांत या दोहोंच्या खिट्या वेगळ्या असतात. एकच खिटी असलेल्या संचांत वळणासाठीं गाडी कडक करावी तर खड्डाही बहुधा कडक होतो. मग आजींसाठीं ती सैल करावयाची आणि परततांना पुन्हां आवळावयाची, हें दर पौर्णिमेस कोण करणार? आमचा अनुभव असा कीं पहिले पंधरा दिवस खिटी रोज फिरते, पुढें ती कोठें आहे हेंही कोणास आठवत नाहीं.

खर्चाचें म्हणाल तर चांगला परदेशी संच लाखाच्या पुढें सहज जातो, आणि तो एकदांचा खर्च नव्हे. पावसाळ्यांतील काळा चिखल आट्यांत बसून वाळला कीं आटे जाम होतात. रबरी सील गेलें कीं संच उघडून पुन्हां भरावा लागतो, आणि तें काम करणारा जाणता कारागीर गांवांत मिळत नाहीं. उंची बदलली कीं चाकांची रेषा दर वेळीं जुळवून घ्यावी लागते, नाहीं तर टायर एका बाजूनें झिजतात. कारखान्याचा शॉकअप मात्र गेला तर नवा मिळतो व सोलापुरास अर्ध्या दिवसांत बसतो. गेब्रिएल इंडिया ही 1961 पासून या देशांत शॉकअप बनविणारी कंपनी. चाकणलाही तिचा कारखाना आहे.

यांत एक तिसरी जातही निघाली आहे, आणि चिरंजीवांना खरी हवी आहे ती बहुधा हीच. जनरल मोटर्सनें 2002 च्या कॅडिलॅकमध्यें असा शॉकअप आणला कीं ज्याच्या तेलांत लोहाचे सूक्ष्म कण आहेत. विजेचें चुंबकत्व दिलें कीं तें तेल क्षणार्धांत दाट होतें. महिंद्रानें नोव्हेंबर 2024 मध्यें जाहीर केलेल्या व चाकणला तयार होणाऱ्या बीई 6 या विजेच्या गाडींतही रस्ता पाहून आपोआप कमीजास्त होणारे शॉकअप वरच्या आवृत्तींत मिळतात. खिटी फिरविण्याची जबाबदारी येथें मालकावर राहत नाहीं. बिघडल्यास दुरुस्ती महाग, हें मात्र पत्करावें लागतें. (शर्यतीच्या जगांत विल्यम्स संघानें पूर्ण स्वयंचलित कमानींच्या गाडीवर 1992 चें विजेतेपद इतक्या सहजपणें नेलें कीं 1994 पासून त्या योजनेवर बंदीच आली.)

आतां कायद्याचें. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 9 जानेवारी 2019 रोजीं हीच गोष्ट बजावून सांगितली. बाहेरच्या कमानी या चौकटींत कोठें बसतात, हें दुकानदाराच्या तोंडून ऐकूं नये. परिवहन कार्यालयास लेखी विचारून लेखीच उत्तर घ्यावें. विमा कंपनीसही आधीं कळवावें. न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्यांत आडवा येतो, आणि तो दिवस वाद घालण्याचा नसतो.

तेव्हां या घरासाठीं आमचें मत वडिलांच्या बाजूचें आहे. घराची एकच गाडी पुण्याचा महामार्ग, तुळजापूरचा घाट आणि शेतावरचा रस्ता हीं तिन्ही कामें करणार असेल, तर कारखान्याची कडक आवृत्ति घ्यावी आणि तिला हात लावूं नये. चिरंजीव वर्षांतून दोन-चार वेळां कोइमतूरच्या कारी धावपट्टीवर अगर चेन्नईच्या शर्यतमार्गावर गाडी चालविणार असतील, टिचक्यांची वही ठेवणार असतील आणि आजींसाठीं घरांत दुसरी गाडी असेल, तर फिरकीचा संच त्यांना शोभेल. केवळ गाडी खालीं दिसावी म्हणून तो घेणें आम्हांस पसंत नाहीं.

मात्र वडिलांनींही कागदावरून गाडी ठरवूं नये. साधी आणि कडक अशा दोन्ही गाड्या चालवून पाहण्यास मागाव्या, टायरांत दारावरील पट्टींत लिहिली आहे तितकीच हवा भरून घ्यावी, आणि आजींना मागच्या आसनावर बसवून तुळजापूरचा घाट व गांवाकडचा लाटांचा रस्ता दोन्ही करून यावें. आजी उतरतांना काय म्हणतात तें काकूंनीं ऐकावें. आजी मुलांसमोर खरें सांगणार नाहींत. त्यांना कडक गाडी सोसवली नाहीं, तर साधी गाडी घ्यावी व वांचलेल्या पैशांतून चांगले टायर घ्यावे. आणि एवढें सर्व होऊन, परवानगी मिळून, चिरंजीवांनीं फिरकीचा संच बसविलाच, तर मूळ कमानी व शॉकअप दुकानदारास देऊं नयेत; कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवावे.