विषारी वायू आणि निःशस्त्र माणूस

महाभारतातील युद्ध अठराव्या दिवशी संपते असे आपण म्हणतो. परंतु त्यातील सर्वांत भीषण प्रसंग त्यानंतरचा आहे. अश्वत्थामा रात्री निजलेल्या वीरांची कत्तल करतो आणि मग त्याने सोडलेले अस्त्र उत्तरेच्या गर्भापर्यंत जाऊन पोहोचते. वीरांसाठी सिद्ध केलेले अस्त्र अखेरीस जगाचे तोंडही न पाहिलेल्या जीवावर जाते, हे व्यासांनी सांगून ठेवले आहे. सर्वसंहारक अस्त्रे म्हटली की वाचकांना हिरोशिमा व नागासाकी आठवतात, आणि ते योग्यच आहे. तथापि या अस्त्रांचा स्वभाव आणि त्यांवरील उपाय ही दोन्ही पाहावयाची असतील, तर अणुबाँबच्याही आधीच्या विषारी वायूचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

विषाने लढू नये हा विचार जुनाच आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषदिग्ध शस्त्रांचा निषेध आहे. त्याच भूमीत कौटिल्याने मात्र शत्रूला आंधळे करणाऱ्या व मारणाऱ्या धुरांच्या कृती लिहून ठेवल्या. निषेध आणि मोह असे शेजारी शेजारीच नांदत आले आहेत. युरोपातही १८९९ च्या हेग परिषदेत विषारी वायू पसरविणारे तोफगोळे वापरू नयेत असे ठरले होते. सोळा वर्षांनी जर्मनीने त्यातून पळवाट काढली. गोळे न वापरता नळकांडीच उघडली, तर वचनभंग कसा, असा तो युक्तिवाद होता!

२२ एप्रिल १९१५ रोजी सायंकाळी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने ५,७०० हून अधिक नळकांड्यांतून सुमारे १५० टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. तो हिरवट पिवळा ढग फ्रेंच व अल्जीरियन सैनिकांच्या खंदकांत उतरला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर आपल्या लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक या वायूत सापडले. त्यांच्याजवळ बचावाचे साधन म्हणजे तोंडावर धरलेले ओले फडके. त्या दिवशी जखमी अवस्थेतही आपल्या अधिकाऱ्यांना सुरक्षित ठिकाणी नेणारे जमादार मीर दस्त यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या प्रयोगाचे सूत्रधार फ्रिट्झ हेबर हे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याची त्यांची पद्धत आमची मुले रसायनशास्त्राच्या पुस्तकात आजही शिकतात. कृत्रिम खते तिच्यामुळे मुबलक झाली आणि कोट्यवधी माणसांच्या मुखी अन्न पडले. त्यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही याच शोधासाठी. ज्या हातांनी शेताला खत दिले, त्याच हातांनी वाऱ्यात विष कालवले. पाठ्यपुस्तकात यांतील पूर्वार्ध येतो. उत्तरार्ध येत नाही.

आता या अस्त्राचा स्वभाव पाहा. ईप्रनंतर काही महिन्यांतच सैनिकांना विषारी हवा गाळून घेणारे मुखवटे मिळू लागले. क्लोरीनमागून फॉस्जीन आला, १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला, आणि मुखवटेही सुधारत गेले. महायुद्ध संपेपर्यंत या वायूंनी सुमारे ९० हजार माणसे मेली व दहा लाखांहून अधिक जायबंदी झाली असा अंदाज आहे. तरीही वायूच्या बळावर युद्ध कोणी जिंकले नाही. सुसज्ज सैन्यापुढे हे अस्त्र दुबळे ठरले. मग ते कोणावर चालणार? ज्याच्याजवळ मुखवटा नाही त्याच्यावर! पुढील सबंध इतिहास या एका वाक्याचे भाष्य आहे.

१९२५ च्या जिनिव्हा करारात विषारी वायूंच्या वापरावर बंदी आली. इटलीने त्यास मान्यता दिलेली होती. तरीही १९३५-३६ मध्ये तिच्या विमानांनी अ‍ॅबिसिनियात अनवाणी सैनिकांवर आणि खेड्यापाड्यांवर मस्टर्ड वायू टाकला. जपानने चीनमध्ये तेच केले. युरोपात भीती एवढी पसरली की १९३८-३९ मध्ये ब्रिटनने नागरिकांना सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे वाटले. दप्तराबरोबर मुखवट्याची पेटी खांद्याला अडकवून शाळेत जाणारी मुले, हे त्या काळाचे चित्र होय. अस्त्र पडण्यापूर्वीच ते समाजाच्या दिनक्रमात कसे शिरते, हे यावरून दिसते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात हिटलरजवळ अधिक जहाल वायू होते. परंतु त्याने ते रणांगणावर वापरले नाहीत, कारण समोरच्याजवळही वायू होते आणि मुखवटेही. छळछावण्यांच्या बंद खोल्यांत मात्र मूळ कीटकनाशक म्हणून बनविलेल्या वायूने लक्षावधी निःशस्त्र ज्यूंचे प्राण घेतले. जन्माने ज्यू असलेल्या हेबर यांना १९३३ मध्ये देश सोडावा लागला होता आणि पुढच्याच वर्षी परदेशात त्यांचा अंत झाला होता. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी विज्ञान राबविले, त्याचे हे कृत्य पाहावयास ते उरले नाहीत. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या विमानांनी आपल्याच देशातील हलबजा या कुर्द गावावर वायूंचा वर्षाव केला. बळींचा आकडा पाच हजारांपर्यंत सांगितला जातो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियातील घौटा येथे सारिन वायूने शेकडो नागरिक मेले, त्यांत मुले पुष्कळ होती.

एवढे वाचून करारमदार म्हणजे कागदी घोडे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. १९२५ च्या करारात वापरावर बंदी होती, साठ्यावर नव्हती. आणि तपासणार कोण याचे उत्तर नव्हते. २९ एप्रिल १९९७ रोजी अंमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारात उत्पादन व साठा यांवरही बंदी आली, आणि निरीक्षकांना कारखान्यांत शिरण्याचा अधिकार मिळाला. आपल्या देशाने १९९७ मध्ये १,०४४ टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला. २०२३ च्या जुलैत अमेरिकेने आपला उरलेला साठा संपविला, आणि राष्ट्रांनी जाहीर केलेली सुमारे ७२ हजार टन रासायनिक अस्त्रे जगातून नाहीशी झाली. अण्वस्त्रांच्या बाबतीत असे पाऊल माणसाला अद्याप टाकता आलेले नाही.

निरीक्षकांना कारखान्यांत जावे लागते, कारण विषाचा पदार्थ आणि उपयोगाचा पदार्थ पुष्कळदा एकच असतो. महायुद्धात माणसे मारणारा फॉस्जीन आजही कीटकनाशके व प्लॅस्टिक यांच्या निर्मितीत लागतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळवर जो वायू पसरला, तो बनविण्यासाठीही फॉस्जीनच वापरीत असत. ती दुर्घटना होती, युद्ध नव्हते. परंतु तेथेही निजलेल्या माणसांजवळ मुखवटे नव्हते, हे मध्य प्रदेशातील आपल्या घरांना निराळे सांगावयास नको.

साठे जाळता येतात. ते बनविण्याचे ज्ञान जाळता येत नाही. म्हणून या अस्त्राला अखेरचा पायबंद दोनच गोष्टी घालतात: कठोर तपासणी, आणि असे करणे लाजिरवाणे आहे ही समाजाची दृढ भावना. पहिली गोष्ट सरकारांची आहे. दुसरी घरांची आणि शाळांची. आपला मुलगा अथवा मुलगी हेबर यांच्या पद्धतीचे समीकरण पाठ करू लागेल, तेव्हा वाचकांनी त्यांस एवढेच विचारावे, की या माणसाने आणखी काय केले हे तुला ठाऊक आहे काय? आणि ठाऊक नसेल, तर ते सांगावे. असे ज्ञान हाती आलेल्या पिढीस त्याचा उत्तरार्ध ठाऊक असणे, हाही एक मुखवटाच आहे; आणि तो प्रत्येक घराला आपल्या मुलांस देता येतो.